दादाची पट्टी, माझी पट्टी

आमच्या गायन पार्टीच्या पाच कॅसेटा निघाल्या. खरं म्हणजे कॅसेटा पहिल्या तीनच. चौथी सीडी होती, आणि पाचवी नुसती मोबाईलवर आहे, ती हातात धरता येत नाही. पण आमच्या घरात पाचांनाही कॅसेटच म्हणतात. 'तिसऱ्या कॅसेटच्या वेळेला' असं कोणी म्हटलं की त्या वर्षी कोणाचं लग्न झालं, कोणी घर बांधलं, कोण आजारी पडलं, हे न सांगता कळतं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीनं जुन्या चारही कुठून कुठून मिळवल्या आणि माझ्या मोबाईलमध्ये उतरवून दिल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सुट्ट्या लागल्या होत्या. कूलरच्या आवाजात गाणं नीट ऐकू येईना म्हणून तो बंद केला आणि गहू निवडत, घाम पुसत, पहिलीपासून पाचवीपर्यंत ओळीनं ऐकत गेले. एकेक कॅसेट त्या त्या काळात पुष्कळ ऐकली होती. ओळीनं मात्र कधीच नाही.

ओळीनं ऐकल्यावर जे कळलं ते एकेकटं ऐकून इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. चौथीपर्यंत प्रत्येक कॅसेटला दादाचा आवाज थोडा खाली उतरलेला होता. आणि तो जसजसा उतरला तसतसा मागून येणारा माझा आवाज पुसट होत गेला होता. पहिलीत मी स्वच्छ ऐकू येते. तिसरीत मी आहे हे मला माहीत आहे म्हणून आहे, नाहीतर नाही.

पार्टी म्हणजे आम्ही चौघं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. गाणारा तो आणि पेटीवरही तोच. आमचं गाव ताडकळसच्या बाजूला. आमच्या वस्तीत जयंतीला, लग्नाला, बारशाला, घरभरणीला गाणं लागायचंच. बुद्ध-भीमगीतं आजोबांच्या पिढीपासून घरात होती. दादाला ती तर आलीच, पण त्याला वेड कव्वालीचं. लहानपणी परभणीच्या उरुसात वडिलांसोबत जाऊन त्यानं कव्वाल ऐकले होते आणि टाळ्यांचा ठेका तिथून उचलून आणला होता. आमच्या पार्टीत टाळ्या कायम राहिल्या त्या त्याच्यामुळे.

दादा एका जिनिंगमध्ये कामाला होता. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, आणि आत यंत्रं सुरू झाली की हवेत सगळीकडे रुईची धूळ. तोंडाला रुमाल बांधून कापूस ओढता ओढता दादा गायचा. पेडगावचे एक शेतकरी आपला कापूस घेऊन आले होते आणि रांगेत ताटकळले होते. ते आत येऊन उभे राहिले.

"कोणत्या पट्टीत गायलास?" त्यांनी विचारलं.

पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीच्या कोणत्या बटणावर बसतो ते. दादाला तेव्हा हे असलं काही ठाऊक नव्हतं.

"पट्टी-बिट्टी मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "गळा जिथं जातो तिथं जातो."

पुढच्या खेपेला त्या माणसानं कापसावर चादरीत गुंडाळून बेंजो ठेवून आणला. बेंजो म्हणजे आडवी लाकडी पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं प्लास्टिकच्या पत्तीनं तार छेडायची. ते त्यांच्या गावच्या भजनात वाजवायचे. ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसून त्यांनी दादाच्या गळ्याला तारा जुळवल्या आणि सांगितलं, "पांढरी चार हाय तुझी. लय वरची हाय. जपून वापर." तेच आमचे भाऊ. दादा त्यांना दोस्ता म्हणायचा, मी भाऊ म्हणते. ते आमच्या समाजाचे नव्हेत. आमच्या पार्टीत वाजवतात म्हणून त्यांच्या गावात कोणी काही बोललं असेल, आमच्याकडेही कोणी बोललं असेल. भाऊंनी त्यातलं काही आमच्यापर्यंत येऊ दिलं नाही.

ढोलकवाला शेजारच्या गावचा होता. त्याचं माझं पुढं लग्न झालं, त्यामुळे त्याच्याबद्दल 'हे' म्हणूनच लिहिते.

आणि मी कोरस. मी तेव्हा डी.एड. करत होते. दादानं ओळ टाकली की मागून ती उचलायची, हे माझं काम. त्याची पट्टी इतकी वरची होती की मला ती बाईमाणसाच्या गळ्यालाही फार खाली वाटायची नाही. आमचे दोन आवाज एकावर एक बसायचे.

पहिली कॅसेट नांदेडला झाली. पेटी, ढोलक, बेंजो घेऊन पॅसेंजरनं गेलो. स्टुडिओ म्हणजे एका दुकानाच्या माडीवरची खोली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. सगळे एकदमच वाजवणार, एकदमच गाणार. एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. दोन-तीन गाण्यांनंतर घामानं ढोलकची दोरी ढिली पडली आणि ढोलकचा आवाज गाण्याच्या मध्येच बसत गेला. यांनी माझ्याकडं पाहिलं, मी दादाकडं पाहिलं, दादानं डोळे मिटलेले. गाणं झालं तसंच राहिलं. आजही त्या गाण्यात ढोलक हळूहळू खाली जाते आणि शेवटी अगदी मडक्यावर मारल्यासारखी वाजते.

जयंतीची कॅसेट बाजारात चैत्राच्या आधी यावी लागते, म्हणजे रेकॉर्डिंग जिनिंगचा हंगाम सरता सरता. महिनोन् महिने रुई खाल्लेला दादाचा गळा तेव्हा खरखरीत झालेला असायचा. वरच्या सुरावर गेला की त्या आवाजाला एक चीर पडायची. लोकांना नेमकी तीच चीर आवडली. ताडकळसच्या बाजारात एका कॅसेटवाल्यानं आमचं गाणं लावलेलं होतं आणि एक म्हातारा बाबा मिरच्यांची पिशवी खाली ठेवून उभाच राहिला होता. मी जवळच होते. तो सोबतच्या माणसाला म्हणाला, "ह्या गड्याच्या गळ्यात काहीतरी दुखायलंय बघा." मला तेव्हा ते कौतुक वाटलं. घरी जाऊन दादाला सांगितलं तर तोही खूश झाला.

दुसऱ्या कॅसेटला माझं लग्न झालेलं होतं आणि पोटात मुलगी होती. पहिली चांगली चालली म्हणून कंपनीवाल्यानं शहनाईवाला आणि व्हायोलिनवाला दिला. दादानं ती अख्खी कॅसेट कव्वालीच्या अंगानं केली. टाळ्या, आलाप, एक ओळ फिरवून फिरवून म्हणायची. आता ऐकताना वाटतं, आमचं सगळ्यात भरलेलं काम तेच. पण तालमीच्या वेळीच भाऊंनी बेंजोच्या चाव्या फिरवायला घेतल्या होत्या.

"काळी दोनवर आणतो," ते दादाला म्हणाले. "वर ओढायलास तू."

"मी कुठं ओढायलोय?"

"बरं, तू न्हाई. मीच ओढायलोय. माझी बोटं दुखायलीत."

दादा हसला आणि काळी दोन धरली. मला पहिल्यांदाच खालचे सूर घ्यायला त्रास झाला. खालच्या सुरावर माझा आवाज नुसता वारा होतो. पोटात मूल आहे, श्वास पुरत नसेल, असं मीच स्वतःला सांगितलं.

तिसरी कॅसेट आली तेव्हा जमाना बदलला होता. जयंतीच्या मिरवणुकीत मोठमोठे स्पीकर आले होते. कंपनीवाल्याचं म्हणणं, गाणं असं पाहिजे की पोरांचे पाय थांबले नाही पाहिजेत. नांदेडच्याच दुसऱ्या स्टुडिओत गेलो. तिथं काचेपलीकडं माणूस बसलेला, आत एकेकानं जायचं, कानाला हेडफोन. कीबोर्डवाला त्यांचाच होता. ठेका पॅडवर वाजवणारा एक तरुण माणूसही त्यांचाच. चौकोनी रबरी डबा, काड्यांनी मारला की ढोलक, ताशा, टाळी, जे म्हणाल ते वाजायचं.

यांची ढोलक खोळीतून निघालीच नाही. हे बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मला आत जायचं होतं, पण पाय निघेना. मी शेजारी बसले. काचेतून ठेका ऐकू येत होता. हे म्हणाले, "बरं वाजतंय की."

"तुमच्यासारखं न्हाई," मी म्हटलं.

"माझ्यासारखं नसू दे. बरं वाजतंय. उगी कशाला नावं ठेवायची."

दादा बाहेर आला. त्याच्या तोंडावर आनंद होता आणि यांना पाहून तो आनंद लपवायची त्याची धडपड दिसत होती. तो म्हणाला, "दाजी, फक्त ह्या टायमाला. कंपनीचं ऐकावं लागतंय."

"अवं, गाणं चाललं पाहिजे," हे म्हणाले. "चहा घेऊत चला."

त्या दोघांत त्यावरून कधी भांडण झालं नाही. पण त्यानंतर बरेच दिवस हे माझ्या माहेरी यायचे तेव्हा बोलणं पिकापाण्याचं, पोरीच्या शाळेचं व्हायचं. गाण्याचं होत नव्हतं.

ती कॅसेट सगळ्यात जास्त वाजली. परभणीत, पूर्णेत, कुठं कुठं. दादाची पट्टी तीत काळी एक आहे. ठेका इतका जलद आणि कीबोर्ड इतका दाट की पट्टी उतरली हे कोणाला जाणवायचं कारण नव्हतं. कोरसला स्टुडिओनं आणखी दोन मुली दिल्या होत्या. माझा आवाज त्यांच्याखाली कुठंतरी आहे. भाऊंचा बेंजो फक्त सुरुवातीला वाजतो, मग कीबोर्ड येतो आणि बेंजो निघून जातो. भाऊ त्याबद्दल एवढंच म्हणाले की दारापर्यंत सोडायला आलो आणि परत गेलो असं वाटलं.

मग एक गोष्ट झाली, ती आमच्यातल्या कोणालाच अपेक्षित नव्हती. यांनी जुनं पॅड विकत आणलं. काड्या धरून वाजवायला बसले तर जमेना. मनगटाला सवय नव्हती. महिनाभर चिडचिड करून एका सकाळी त्यांनी काड्या बाजूला ठेवल्या आणि ढोलकवर मारतात तसं उघड्या हातानं, तळव्यानं आणि बोटांनी, पॅड वाजवलं. आवाज फार बारीक आला. मशीनचा आवाज वाढवला, मग तो ठीक झाला. काडीची जी कडक टणटण असते ती गेली होती. थाप होती, पण ओली.

चौथी, म्हणजे सीडी, त्या थापेवर झाली. कंपनीवाल्यानं तोवर धंदा बदलला होता. परभणीतच एका ओळखीच्या माणसाकडं रेकॉर्ड केली, कीबोर्डाशिवाय. पेटी परत आली, बेंजो परत आला, आणि खाली ते विचित्र पॅड, जे ढोलक नाही आणि पॅडही नाही. जाणकार लोकांनी नाकं मुरडली. पण गावोगाव लोक ती थाप ओळखायला लागले. आमच्या पार्टीची गाणी दुसऱ्या कोणी कार्यक्रमात घेतली तर म्हणायचे, "तसा हात न्हाई."

दादा त्या सीडीत पांढरी एकवर आहे. पहिल्या कॅसेटमधला माणूस आणि हा माणूस एकच, हे सांगावं लागेल इतका फरक. खोकला थांबवायला तो प्रत्येक गाण्याआधी गरम पाणी घ्यायचा. जिनिंगचं काम त्यानं सोडलं होतं, पण गळ्यानं ते सोडलं नव्हतं. शेवटच्या गाण्यात त्यानं एक लांब सूर धरला, तो मध्येच तुटला. परत करू म्हणाला, परत तुटला. रेकॉर्डिंगवाल्यानं तो सूर तुटायच्या आधीच कापून तिथं बेंजो वाढवून घेतला. ऐकताना वाटतं की तसंच ठरवलेलं असेल.

त्यानंतर दादाला डॉक्टरांनी गायला बंदी केली. स्वरयंत्र खराब झालंय, बोलणंसुद्धा कमी करा, म्हणाले. दादानं ऐकलं. आधी वाटलं सहा महिने, मग वर्ष, मग आम्ही विषय काढणं बंद केलं. कोरोनाच्या काळात कार्यक्रमच नव्हते, तेव्हा एक सोय झाली. पार्टी का बंद आहे हे कोणाला सांगावं लागलं नाही. ते दिवस गेले आणि लोक पुन्हा फोन करायला लागले तेव्हा वहिनीच फोन घ्यायची आणि सांगायची, "त्यांना बरं न्हाई." भाऊ मात्र सवड मिळाली की पेडगावहून मोटारसायकलवर यायचे. दोघं ओसरीवर बसायचे. दादा बोलायचा नाही म्हणून भाऊही बोलायचे नाहीत. वहिनी म्हणायची, "ह्यांची भेट म्हंजी दोन खांब उभे हायेत समजा."

आमच्या गावातला जुना विहार पाडून नवा बांधला, तेव्हा गावकरी दादाकडं आले. नव्या विहारासाठी एक गाणं आपल्याच पार्टीनं करावं, असं त्यांचं म्हणणं. दादानं मान हलवली आणि गळ्याकडं बोट दाखवलं. ते म्हणाले, गाणं तुम्हीच बांधा, म्हणायला कोणी बाहेरचा आणू. दादानं गाणं बांधलं. बाहेरचा गायक मिळेपर्यंत चाल तरी बसवून ठेवू म्हणून एका रविवारी आम्ही चौघं नव्या विहारात बसलो. फरशी ताजी होती, रंगाचा वास होता. पुष्कळ वर्षांनी चौघं एका सतरंजीवर.

दादानं पेटीवर चाल वाजवली. पांढरी एक, त्याची शेवटची पट्टी. मी शब्द म्हणत होते, कारण कोणीतरी म्हणायचे होते. खालच्या सुरांवर नेहमीसारखा वारा. भाऊंनी वाजवता वाजवता हात थांबवला.

"ताई, तुमची पट्टी कोणती?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी शोधलं नव्हतं. मी शाळेत पोरांना कविता म्हणून दाखवते ती कोणत्या पट्टीत म्हणते, मला सांगता आलं नसतं.

"मला काय म्हाईत," मी म्हटलं. "मी दादाच्या पट्टीत म्हणते."

"दादाची पट्टी दादाला. तुमी तुमच्या गळ्यानं म्हणा, पेटी सोडून."

मी कोरडीच म्हणायला लागले. गळा जिथं गेला तिथं गेला. मी दादाकडं पाहायचं टाळत होते. तो रागावेल असं नाही, पण त्याची पार्टी, त्याचं गाणं, आणि मी त्याच्या समोर बसून त्याच्या जागेवर गेल्यासारखं वाटत होतं. दोन ओळी झाल्या आणि माझ्या आवाजाच्या खाली पेटीचा सूर लागला. दादाची बोटं शोधत शोधत वर गेली होती आणि एका काळ्या बटणावर थांबली होती.

"काळी चार," भाऊ म्हणाले आणि बेंजोच्या तारांकडं बघून हसले. "ह्या तारा तुटतात आता."

एक तुटलीच. भाऊंनी त्या दिवशी ताल तेवढा हातानं दिला. पुढच्या रविवारी नव्या, बारीक तारा चढवून आले. बाहेरच्या गायकाचं नाव मग कोणी काढलं नाही.

तालीम सोपी गेली नाही. भाऊंना एक सवय होती. दादा ओळीआधी श्वास उशिरा घ्यायचा, त्यामुळे भाऊ बेंजो अर्धा क्षण आधी सोडायचे, म्हणजे मधली जागा रिकामी राहायची नाही. जुन्या कॅसेटांत ते ऐकू येतं. माझा श्वास वेगळा. मी आणि बेंजो एकदमच सुरू व्हायचो, एकमेकांवर आदळायचो. भाऊ चिडायचे, माझ्यावर नाही, स्वतःच्या हातावर. "हात ऐकंना झालाय," म्हणायचे. शेवटी मी थोडी उशिरा आणि ते थोडे उशिरा, असं काहीतरी जमलं.

दुसरी अडचण माझी होती. मी दादासारखं म्हणायला पाहत होते. वरच्या सुरावर ती चीर आणायला गळा आवळत होते, कारण माझ्या कानाला आमचं गाणं म्हणजे ती चीर. दोन-तीन दिवस दादानं ऐकून घेतलं. मग पेटी थांबवून, घोगऱ्या, जवळजवळ ऐकू न येणाऱ्या आवाजात तो म्हणाला, "बाई, माझ्यासारखं म्हणू नको. ते गाणं नव्हतं, तो कापूस होता."

हे पॅडवर बोट फिरवत बसले. मग दादानंच पेटी पुन्हा सुरू केली.

गाणं रेकॉर्ड मुलीनं केलं, विहारातच, मोबाईलला एक छोटा माइक लावून. खिडक्या बंद, पंखा बंद. एकदमच सगळ्यांनी. विहाराची खोली मोठी, रिकामी, आवाज फिरून फिरून येतो. ते तसंच ठेवलं. त्या एका गाण्याला लोकांनी चांगलं म्हटलं म्हणून आणखी काही केली, आणि तीच ती पाचवी कॅसेट. त्यात माझा आवाज पुढं आहे आणि दादाची फक्त पेटी. एका गाण्यात मात्र मागून एक पुरुषी गुणगुण येते. तो दादा. वहिनी त्याला नंतर फार रागावली.

पाचवीबद्दल सगळ्यांचं चांगलं मत आहे असं नाही. ताडकळसच्या बाजारात एका ओळखीच्या दुकानदारानं मला सरळ विचारलं, "पार्टी तीच हाय का? नाव तर तेच दिसायलंय." मी हो म्हटलं. तो म्हणाला, "आवाज तो न्हाई." दादाचा आवाज नाही, ढोलक नाही, पट्टी तर पार दुसरीकडं. मग तीच कशी? मी घरी येऊन यांना विचारलं. हे म्हणाले, "तीच म्हंजी काय, आपण चौघं हाओत ना." मला ते उत्तर पुरलं नाही. चौघं तरी कुठं तेच राहिलो होतो? पण त्याहून बरं उत्तर माझ्याकडं अजून नाही.

कोणाला कोणती आवडते हेही गमतीचं आहे. भाऊंना पहिली. यांना अर्थातच चौथी. मला दुसरी, मी तिच्यात नीट ऐकू येत नाही तरी. दादाला मी विचारलं तेव्हा वाटलं होतं की तोही पहिलीच म्हणेल. त्यानं तीन बोटं वर केली. कीबोर्ड, पॅड, धावता ठेका, ती तिसरी. मला आश्चर्य वाटलेलं पाहून म्हणाला, "लोक नाचायलते." वर्षानुवर्षं ती कॅसेट म्हणजे कंपनीनं आमच्यावर लादलेली, असंच मी धरून चालले होते. दादा त्यात सुखी होता हे मी बाकावर बसून काचेतून पाहिलं होतं, पण मानलं नव्हतं.

यंदा बुद्धपौर्णिमेला पिंगळीला कार्यक्रम होता. सकाळचा. मी पुढं बसून गाण्याचा पहिलाच. मंडपात पुढं बायका बसलेल्या, त्यातल्या बऱ्याच माझ्याच वयाच्या. सुरुवातीला मी पहिल्या ओळीला हातच घालत नव्हते. दादानं पेटीवर काळी चार धरून ठेवली, सोडलीच नाही, मी सुरू करेपर्यंत. एकदा सुरू झाल्यावर मग त्रास झाला नाही. तिसऱ्या गाण्याला बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, कव्वालीचा, दादाचा.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई जवळ आल्या. म्हणाल्या, "तुमचा आवाज लय गोड हाय. इतके दिवस कुठं होतात तुमी?"

"मागंच बसलेली होते," मी म्हटलं. त्या हसल्या, मीही हसले.

गावकऱ्यांनी सत्कार केला. शाल दादाच्या खांद्यावर घातली, पार्टीचा प्रमुख म्हणून. मुलगी माझ्याकडं पाहत होती. तिला वाटलं असावं की दादा ती काढून माझ्या खांद्यावर घालेल. दादानं ती नीट पांघरून घेतली आणि हात जोडले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पार्टी त्याचीच आहे. मुलीला ते पटलं नाही आणि तिनं तसं मला नंतर सांगितलंही.

परत येताना जीपमध्ये दादा पुढं, आम्ही मागं, मधे पेटी आणि बेंजो. दादानं वळून यांना काहीतरी सांगितलं. ऐकू आलं नाही म्हणून त्यानं परत सांगितलं. पुढच्या गाण्यात कीबोर्ड घ्यायचा, असं तो म्हणत होता.

"कशाला?" हे म्हणाले. "आता बरं चाललंय."

"वरच्या पट्टीला खाली भरीव काहीतरी पाहिजे," दादानं घोगऱ्या आवाजात सांगितलं.

"मग माझं पॅड काय करायलंय?"

"तुमचं पॅड न्हाई काढायलो दाजी. त्याच्यासोबत."

"मागच्या टायमालाबी असंच म्हणले होते तुमी," हे म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या दोघांत त्या बाकावरच्या दिवसाबद्दल उघड बोलणं सुरू झालं. भाऊ मध्येमध्ये एकदा याच्या बाजूनं, एकदा त्याच्या बाजूनं बोलत होते. मला दोन्ही पटत होतं. परभणी आली तरी त्यांचं मिटलं नव्हतं.